रात्री ब्लोअर बंद करू नका

आमची सोसायटी पिंपरी-चिंचवडच्या पुनावळे भागात आहे. चार विंग, २२० फ्लॅट. फ्लॅट घेताना माहितीपत्रकात स्विमिंग पूल, क्लब हाऊस आणि जॉगिंग ट्रॅक ठळक छापलेले होते. ‘एसटीपी’ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होता. एसटीपी म्हणजे सोसायटीचं सांडपाणी तिथल्या तिथे शुद्ध करणारा प्रकल्प. खालच्या तळघरात जनरेटरच्या पलीकडे त्याचं लोखंडी दार आहे. त्या बाजूला वास यायचा, म्हणून तिथली पार्किंगची जागा कुणाला नको असायची. बहुतेकांना एसटीपीची तेवढीच माहिती होती. मलाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी कमिटीत आले. हौस नव्हती. सर्वसाधारण सभेत खजिनदार व्हायला कुणी तयार होईना, आणि ‘मॅडम बँकेत होत्या’ हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिशेबाच्या फायली घरी आणल्या आणि बघत बसले. सगळ्यात मोठा खर्च टँकरचा निघाला. वॉचमन, लिफ्ट, सफाई यांतल्या कशाहीपेक्षा मोठा.

आमच्याकडे २०१९च्या नोव्हेंबरपासून नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. तेव्हापासून शहर वाढतच गेलं आहे. आमच्या बोअरवेल होळीच्या सुमाराला मान टाकतात. मग दहा-दहा हजार लिटरचे टँकर सुरू होतात आणि मे महिन्यात तर टँकरवाल्याची मनधरणी करावी लागते.

एका संध्याकाळी मी साधा हिशेब मांडला. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्यातले सुमारे ४५ लिटर फ्लशला जातात. आमच्या फ्लॅटमध्ये सरासरी चार माणसं धरली तर ८८० माणसं. ८८० गुणिले ४५ म्हणजे ३९,६०० लिटर. जवळजवळ चार टँकर. उन्हाळ्यात आम्ही रोज चार टँकर विकत घेऊन संडासात ओतत होतो. आणि त्याच वेळी पाऊण-एक लाख लिटर सांडपाणी आमच्याच तळघरातून गटारात जात होतं.

गंमत म्हणजे सगळी सोय होती. प्रत्येक फ्लॅटला फ्लशची वेगळी पाइपलाइन होती. गच्चीवर दोन टाक्या होत्या, एक घरातल्या पाण्याची आणि एक फ्लशची. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण परवानगी लागते. २००६ची केंद्राची अधिसूचना आहे तशी. एसटीपी, दुहेरी पाइप, सगळं त्या परवानगीच्या अटींत असतं. बिल्डरने ते बांधून दिलं होतं. पण फ्लशच्या टाकीला एक बायपास व्हॉल्व्ह होता आणि तो उघडा ठेवून तिच्यात चांगलं पाणीच भरलं जात होतं.

एसटीपी बंद कसा पडला हे शोधायला थोडा वेळ लागला. तो एका दिवसात बंद पडला नव्हता. आधी कुणाच्या तरी लक्षात आलं की वीजबिल फार येतंय. एसटीपीच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालतो. ‘रात्री कोण बघतंय’ म्हणून तो रात्री बंद ठेवायला सुरुवात झाली. मग वास यायला लागला. तक्रारी आल्या, म्हणून दार बंद ठेवलं. पंप अडकला, तो दुरुस्त केला नाही. शेवटी टाकीत येणारं पाणी प्रक्रिया न होताच पुढे गटारात जायला लागलं. प्रकल्प चालवायचं कंत्राट एका कंपनीकडे होतं. त्यांचा माणूस रोज येऊन सही करून जायचा.

त्यांचं लॉगबुक मी चाळलं. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर खोटी नोंद वासावरून कळते. प्रत्येक पानावर तीच शाई, तेच अक्षर, रोज पीएच ७.२. डीपी जळाला म्हणून आमच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत वीज नव्हती तो दिवस मला पक्का आठवत होता, कारण जनरेटरचं डिझेलही संपलं होतं. त्या दिवशीही लॉगबुकात ब्लोअर चोवीस तास चालला होता.

त्याच सुमाराला महापालिकेची नोटीस आली. एसटीपी चालू करा, नाहीतर नळजोड तोडू. मग मात्र सभेला गर्दी झाली. मला वाटलं होतं तसं सगळे विरोधात नव्हते. पण एक प्रश्न वारंवार आला आणि तो चुकीचा नव्हता: आपण कर भरतो, मग मैलापाणी शुद्ध करायचं काम आपल्या गळ्यात का? मी म्हटलं, करावर वाद घालायचा तर जरूर घालू, पण टँकरचे पैसे आजही आपणच देतोय.

सभा संपल्यावर खाली गेटवर आमचे करमाळ्याकडचे वॉचमन भेटले. वरचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं हितलं समदं पाणी शेवटाला आमच्या उजनीतच येतंय.’’ ते खरंच आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठेचं पाणी भीमेत जातं आणि भीमा उजनी धरणात. पुण्या-पिंपरीची घाण घेऊन गेलेलं हे पाणी सोलापूर शहर पितं. उजनीच्या काठच्या माणसाने ते आम्हाला गेटवर उभं राहून सांगावं, याची मला लाज वाटली. आणि वरच्या बाजूला मावळ. पवनेचं पाणी बंद नळातून शहरात आणायच्या योजनेला तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. एका बाजूने आपण घेतो कुणाचं आणि दुसऱ्या बाजूने सोडतो कुणाकडे, हे फ्लॅट घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

कंत्राट कंपनी म्हणाली, ‘‘टाकी साफ करावी लागेल, दोन मुलं उतरवतो, एका दिवसाचं काम.’’ इथे आम्ही थांबलो ते बरं झालं. ओळखीतून एक निवृत्त पर्यावरण अभियंता भेटले होते. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, एसटीपीच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, आता बरं आहे. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. सोसायट्यांमधल्या अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. हे सगळं मी कमिटीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं, म्हणजे पुढच्या कमिटीलाही दिसेल. टाकी सक्शन गाडी बोलावून बाहेरून उपसली.

झाकण उघडलं तेव्हा आत काळंकुट्ट पाणी होतं. अभियंता म्हणाले, काळं म्हणजे हवा नाही. तिथेच उभं राहून त्यांनी मला प्रकल्प समजावला. मी तो जसा समजले तसा सांगते.

घरांतलं पाणी आधी जाळीतून येतं. तिथे कपडा, केस, प्लास्टिक अडतं. मग एका मोठ्या टाकीत साठतं, कारण सकाळी सात ते नऊ लोंढा असतो आणि दुपारी काहीच नसतं. तिथून ते थोडं थोडं एअरेशन टँकमध्ये जातं. खरं काम तिथे होतं. त्या टाकीत जिवाणू असतात, ते मैला खातात. त्यांना श्वासाला हवा लागते. ब्लोअर ती हवा देतो आणि टाकीच्या तळाला बसवलेल्या रबरी डिफ्यूझरमधून ती बारीक बुडबुड्यांनी वर येते. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो. त्यातला काही परत जिवाणूंच्या टाकीत पाठवायचा, जास्तीचा बाहेर काढायचा. वरचं पाणी वाळूच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून जातं, क्लोरीन घालायचं आणि ते फ्लशच्या टाकीत.

‘‘म्हणजे रात्री ब्लोअर बंद केला की?’’ मी विचारलं.

‘‘वीज गेली तर दोन-चार तास जिवाणू तग धरतात. रोज आठ तास हवा तोडलीत तर जगत नाहीत. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू वाढतात, आणि तो वास त्यांचा.’’

घरी येऊन पुन्हा कागद घेतला. आमचा ब्लोअर पाच एचपीचा. चोवीस तास चालला तर जवळपास ९० युनिट. आमच्या वीजदराने दिवसाचा हा खर्च साधारण एका टँकरएवढा येत होता. रात्रीचे आठ तास बंद ठेवून फार तर ३० युनिट वाचायचे, म्हणजे टँकरचा तिसरा हिस्सा. त्यासाठी आम्ही दिवसाला चार टँकरचं पाणी घालवून बसलो होतो. हा कागद मी सगळ्या विंगच्या लिफ्टमध्ये चिकटवला. भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या कागदाने झालं. दुरुस्तीचा ठराव सभेत मंजूर झाला.

दुरुस्तीत काय निघालं तेही सांगते, कारण बहुतेक ठिकाणी हेच निघेल. डिफ्यूझरची रबरं फाटलेली होती, हवा एकाच कोपऱ्यात भकाभका येत होती. वाळूचा फिल्टर गाळाने गच्च झाला होता. कोळसा बदललेलाच नव्हता. पंप उघडला तर पंख्याला ओल्या वाइप्सचा दोरखंड गुंडाळलेला. लहान मुलांना पुसायच्या त्या वाइप्स. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, त्या पाण्यात विरघळत नाहीत. सोबत सॅनिटरी पॅडही होते. मेकॅनिकने ते हातमोज्यांनी एकेक सोडवून काढले. मी तिथे उभी होते. त्याच्या तोंडाकडे बघायला मला जड जात होतं.

नवे डिफ्यूझर बसले, ब्लोअर सुरू झाला, पण नुसत्या हवेने काही होत नाही. जिवाणू हवेत. विरजणासारखंच आहे ते. शेजारच्या एका सोसायटीचा एसटीपी नीट चालत होता, तिथून टँकरभर जिवंत गाळ आणला आणि आमच्या टाकीत सोडला. अभियंत्यांच्या सांगण्यावरून सुरुवातीला शेण कालवून घातलं, थोडा गूळही घातला. गुळाची ढेप घेऊन मी तळघरात चालले होते तेव्हा लिफ्टमधल्या लोकांनी विचारलं, कसला कार्यक्रम आहे? मी खरं ते सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

मग फेस आला. पांढरा, साबणासारखा. एका सकाळी तो दाराखालून पार्किंगमध्ये आला आणि दोन गाड्यांच्या चाकांपर्यंत पोहोचला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो, संतापाचे निरोप, ‘हे बंद करा’ असा सूर. त्या रात्री मला झोप लागली नाही. अभियंत्यांना फोन केला तर ते म्हणाले, गाळ कोवळा असला की पांढरा फेस येतो, त्यात आपल्या घरांतला डिटर्जंट. पाण्याचा फवारा मारत राहा, कमी होईल. काही आठवड्यांत तो खरंच कमी झाला. टाकीतलं पाणी काळ्याचं करडं झालं आणि मग तपकिरी. वासही बदलला. पहिल्या पावसानंतर मातीचा येतो तसला, थोडा कुबट, पण सहन होणारा.

प्रकल्प चालतोय की नाही हे बघायची एक साधी चाचणी मी शिकले. ती कुठल्याही कमिटीच्या माणसाला जमेल. एक लिटरचा, खुणा असलेला काचेचा नळा घ्यायचा. एअरेशन टँकमधलं तपकिरी पाणी त्यात एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. आधी सगळं एकसारखं गढूळ दिसतं. मग मधे कण एकमेकांना चिकटून कापसासारखे गोळा होतात आणि खाली सरकायला लागतात. अर्ध्या तासाने गाळ तळाशी बसलेला असतो, आणि वर नितळ पाणी. गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेच्या आसपास असेल तर आमचे अभियंता खूश असतात. फारच खाली असेल तर जिवाणू कमी पडतायत. बसतच नसेल, किंवा वरचं पाणी गढूळच राहत असेल, तर काहीतरी बिघडलंय. लॉगबुकात आता रोज या नळ्याचा फोटो चिकटवतात. पीएचचा आकडा मनाने लिहिता येतो, फोटो तसा काढता येत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असं कुणी विचारलं तर मी ऑपरेटरचं नाव घेईन. कंत्राट कंपनीचा माणूस आम्ही बंद केला आणि सोसायटीच्या पगारावर एक मुलगा नेमला. लातूरकडचा, आयटीआय झालेला. आधीच्या माणसाला किती पगार मिळायचा हे कळलं तेव्हा तो नुसती सही करून का जायचा याचं मला आश्चर्य वाटेनासं झालं. आम्ही पगार वाढवला, बूट, हातमोजे, मास्क आणि वायू ओळखणारं छोटं यंत्र दिलं, आंघोळीची सोय केली. सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ठेवला. हा मुलगा दार उघडायच्या आधी ब्लोअरच्या आवाजावरून सांगतो की पट्टा ढिला झालाय. ‘‘काकू, आवाज पातळ यायलाय,’’ म्हणतो.

शुद्ध झालेलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं. आमच्या परवानगीत बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप) १०च्या आत असावा अशी अट आहे. तो आत आला तेव्हाच आम्ही पाणी वापरायला काढलं. आधी फक्त बागेला. झाडांना देताना कुणाची हरकत नसते. फवारा मात्र मारायचा नाही, पाइपने किंवा ठिबकने मुळाशी द्यायचं, आणि मुलं खेळायची वेळ टाळायची.

फ्लशला पाणी सोडायची वेळ आली तेव्हा खरी कसोटी लागली. आम्ही एकदम चारही विंगला न देता आधी फक्त बी विंगला दिलं. कमिटीचे तिघे त्याच विंगमध्ये राहतात, म्हणून. पाण्याला किंचित पिवळसर झाक असते. ती काही जणांना सहन झाली नाही. एका घरात चार दिवस कुणी नव्हतं, परत आले तर टाकीतल्या पाण्याला वास. त्यांनी अर्धी बाटली ब्लीच ओतलं. दुसऱ्यांनी अॅसिड. ते सगळं परत आमच्या जिवाणूंच्या टाकीत आलं आणि नळ्यातला गाळ दोन दिवस वर तरंगत राहिला. मग आम्ही घरोघर गेलो. ब्लीच, अॅसिड, फिनेल बेताने वापरा, बाटल्या ओतू नका. बायकांशी मी बोलले, पॅडविषयी आणि वाइप्सविषयी. पुरुषांनी हे आधी नोटिशीत ‘अयोग्य वस्तू’ असं लिहिलं होतं. त्यातून कुणाला काही कळलं नव्हतं.

एक भीती मात्र मला स्वतःला होती आणि आजही आहे. फ्लशचं पाणी चुकून जेट स्प्रेला किंवा बेसिनला आलं तर? पाणी नितळ दिसतं, त्यामुळे डोळ्यांना कळणार नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘एसटीपीचं पाणी ताबडतोब बंद करा’ असे निरोप आले. आम्ही पाणी बंद केलं आणि विंगमधलं प्रत्येक घर तपासलं.

तपासायची रीत सोपी आहे. गच्चीवरचा घरातल्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि फ्लशचा चालू ठेवायचा. पाइपमधलं उरलेलं पाणी संपलं की घरातला एकही नळ वाहायला नको. बेसिन, शॉवर, वॉशिंग मशीन, जेट स्प्रे, काहीच नाही. एका घरात जेट वाहत राहिला. त्यांनी बाथरूम नव्याने करून घेतली होती आणि प्लंबरने जवळचा पाइप बघून जोड मारला होता. घरात कुणी आजारी नव्हतं. तरी मी जिन्यात बसले थोडा वेळ. मग दुसरी तपासणी म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेतला. पेनाएवढा असतो, काही शे रुपयांत मिळतो. एसटीपीमध्ये मैला निघून जातो पण विरघळलेले क्षार निघत नाहीत, म्हणून फ्लशच्या पाण्याचा टीडीएस घरातल्या पाण्यापेक्षा नेहमी बराच जास्त येतो. एकाच दिवशी बेसिनचं आणि फ्लशचं पाणी मोजा. आकडे वेगळे यायला हवेत. सारखे आले तर प्लंबरला बोलवा. आता आमच्याकडे बाथरूमचं काम काढणाऱ्याला आधी कमिटीची परवानगी आणि काम झाल्यावर ही तपासणी सक्तीची आहे. फ्लशचे पाइपही वेगळ्या रंगाने रंगवून घेतले.

पुढे हळूहळू लक्षात आलं की एसटीपीलाही सणवार असतात. दिवाळीच्या आठवड्यात चकल्या-करंज्यांचं तेल सिंकमध्ये जातं, ते पाइपात थिजतं आणि टाकीवर थर धरतं. आता तेल गोळा करायला प्रत्येक विंगखाली कॅन ठेवतो आणि ऑपरेटर तेलाचा सापळा दर आठवड्याला साफ करतो. मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला जाते, तेव्हा जिवाणूंना खायला कमी पडतं, म्हणून हवा आणि गाळ त्या मानाने कमी ठेवतात. जोराच्या पावसात पावसाचं पाणी चेंबरच्या झाकणांतून आत शिरून सगळा गाळ वाहून नेऊ शकतं. पहिल्या पावसाळ्यात तसं झालं. आम्ही झाकणांना रबरी पट्ट्या लावल्या आणि गच्चीच्या पाण्याचे दोन पाइप, जे चक्क ड्रेनेजला जोडलेले होते, ते पावसाळी गटाराला जोडून घेतले.

गाळाचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तो दाबून पाणी काढायचं, वाळवायचा. तो कुजल्यावर बागेत झाडांच्या मुळाशी घालतो. भाजीपाल्याला नाही. बागेतल्या कर्दळी आणि जास्वंदी त्यावर चांगल्या आल्यात.

आता हिशेब. वीजबिल वाढलं. ऑपरेटरचा पगार, क्लोरीन, तपासण्या, फिल्टरची वाळू हा खर्च दर महिन्याला आहे. टँकर मात्र बरेच कमी झाले, आणि बेरीज-वजाबाकी सोसायटीच्या फायद्याची निघते. दुरुस्तीचा खर्च वसूल व्हायला अजून वेळ लागेल. टँकर पूर्ण बंद झालेले नाहीत. एप्रिल-मेमध्ये ते येतातच. डी विंगमधल्या पाइपलाइनवर शंका आहे, म्हणून तिथे अजून फ्लशला चांगलंच पाणी जातं. बिल्डरकडे मूळ नकाशे मागून दमलो. आणि पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही तेव्हा शुद्ध केलेलं जास्तीचं पाणी गटारात सोडावं लागतं. पण ते काळं नसतं. करमाळ्याच्या वॉचमनना मी मुद्दाम खाली नेऊन नळ्यातलं पाणी दाखवलं. ते म्हणाले, ‘‘बरं हाय. पण बाकीच्यांचं?’’

बाकीच्यांचं म्हणजे आजूबाजूच्या सोसायट्या. त्यांतल्या काहींचे लोक बघायला येतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते. ताबा घेण्याआधी बिल्डरकडून एसटीपीचे नकाशे, क्षमतेचा कागद आणि पाइपलाइनची तपासणी लेखी मागा. सोसायटी ताब्यात आल्यावर मागून मिळत नाही. जुन्या इमारतीत सुरुवात ब्लोअर आणि डिफ्यूझरपासून करा, रंगरंगोटीपासून नाही. ऑपरेटरला नीट पगार द्या. टाकीत कुणालाही उतरवू नका, तो तयार असला तरी. पाणी आधी बागेला, मग एका विंगला, मग पुढे. दर तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह बंद करून घरं तपासा.

आणि एखादा एसटीपी चालू आहे असं कुणी सांगितलं, तर तो बघायला रात्री एक वाजता जा. सकाळी अकराला सगळ्यांचेच चालू असतात.